हिवाळ्यात कुत्र्याला घेऊन वावराकडे: घरच्या सगळ्यांनी मिळून कसं जावं

खेड्यातलं कुत्रं दिवसभर मोकळंच असतं, मग त्याला वेगळं फिरवायला कशाला न्यायचं? हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी मला विचारतं. आत्याबाईंनीही विचारला होता, "कुत्र्याले फिरवाले कायले न्या लागते वं? ते आपलंच फिरते."

मी वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या एका गावात राहते. पशुसखी म्हणून शेळ्या-कोंबड्यांचं काम पाहते. माझं उत्तर ठरलेलं आहे. कुत्रं आपलंआपलं फिरतं तेव्हा हिवाळ्यातल्या शिवारातले सगळे धोके त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतात. आपण सोबत असलो तर वाट आपण निवडतो. आणि दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाय उचलू देत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळ्यांनी मिळून वावरापर्यंत चालत जावं असे महिने आपल्याकडे दिवाळी ते शिवरात्र एवढेच. ते वाया घालवू नयेत.

आमची कुत्री भुरी. गावरान, आखूड केसांची. पुढे जे सांगते ते अशाच कुत्र्यांना धरून आहे, कारण गावात बहुतेकांकडे तशीच असतात.

किती वाजता निघायचं

अंधारात निघू नका, ही पहिली गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे दिवस पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. रात्रभर वावरात चरलेली रानडुकरं पहाटेच जंगलाकडे परततात, बिबटही त्याच वेळी हिंडतो. आम्ही बोर व्याघ्र प्रकल्पापासून लांब नाही. त्याचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा, पण जनावराला नकाशावरची रेघ दिसत नाही. आणि बिबटाला कुत्र्याएवढी सोपी शिकार दुसरी नाही. म्हणून सकाळी साडेसात ते नऊ, किंवा दुपारी चार ते सव्वापाच. दिवेलागणीच्या आत कुत्रं आणि माणसं दोन्ही घरात हवीत.

थंडीची लाट आली की सकाळची वेळ आणखी पुढे ढकला. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. तेवढी थंडी रोज पडत नाही, पण ८-१० अंश आपल्याला नवे नाहीत आणि आखूड केसांच्या कुत्र्याला तेही पुरतात. कुत्रं कापायला लागलं, एकेक पाय वर धरू लागलं किंवा वाटेतच बसलं, तर त्याला ओढत पुढे नेऊ नका, तिथूनच वळा.

धुवारी, म्हणजे धुकं, पडलेली असेल तर थांबा. बंडीवाल्याला तुम्ही दिसत नाही, ट्रॅक्टरवाल्याला तर मुळीच नाही.

वाट अशी निवडा

सगळ्यात जास्त विचार याचा करा. माझा नियम सोपा आहे: दोन्ही बाजूंचं पीक कमरेच्या खाली असलेली वाट घ्यायची. सोयाबीन निघून जिथे हरभरा किंवा गहू पेरला आहे तिथून लांबवरचं दिसतं. डिसेंबरात तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली असते, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तीही दाट असते. अशा दोन वावरांमधल्या पांदणीने जाताना चार हातांवर रानडुक्कर बसलेलं असलं तरी कळत नाही. भुरीला मात्र वासाने कळतं आणि ती झेप घेते. डुकराच्या सुळ्याने पोट फाटलेली कुत्री मी पाहिली आहेत. जानेवारीत तूर कापली की त्याही वाटा मोकळ्या होतात. पण तेव्हा दुसरी काळजी घ्यावी लागते. विळ्याने तिरप्या कापलेल्या तुरीचे खुंट चपलेतूनही पायात घुसतात, कुत्र्याच्या पंज्याची काय कथा. धसकटातून चालू नका, धुऱ्याने, म्हणजे बांधानेच चला.

दुसरी मोठी काळजी तारेची. हरभरा डुकरांपासून वाचवायला काही लोक कुंपणाच्या तारेत थेट लाईन सोडतात. हा गुन्हा आहे. अशा तारांनी माणसं मेली, बैल मेले, वाघही मेले. झटका मशीनची तार वेगळी. ती बॅटरीवर चालते, थांबून थांबून झटका देते, जीव घेत नाही. पण ओल्या नाकाने कुत्र्याने ती हुंगली तर ते असं भेदरतं की पुन्हा त्या वाटेला यायचं नाव घेत नाही. लांबून पाहून कुठली तार कुठली हे ओळखता येत नाही, म्हणून हिवाळा लागला की मी ज्यांच्या धुऱ्यावरून जायचं त्यांना सरळ विचारते, "भाऊ, तारेत काय सोडलं हाय? बंद कवा करता?" विचारल्याचा कुणाला राग येत नाही. तरीही तारेपासून दोन हात दूरच चाला. एखादं जनावर तारेला चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका आणि पोरांना मागेच थांबवा. आधी लाईन बंद करायला लावा.

तिसरं फवारणीचं. तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटेअळी येते, तेव्हा पंप सुरू होतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. पंप चालवणाऱ्या माणसाची ही गत होते, आणि कुत्रं तर फवारलेल्या गवतातून चालून नंतर पाय चाटतं. ताजं फवारलेलं वावर तीन-चार दिवस टाळा. धुऱ्यावर रिकाम्या बाटल्या दिसल्या, नाकाला वास आला, तर तिथूनच फिरा. औषध कालवलेल्या ड्रमजवळचं किंवा ठिबकच्या टाकीजवळचं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. त्यासाठी घरून बाटली आणि एक जुनी वाटी न्या, थंडीतही कुत्र्याला तहान लागते. तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागलं, तोल जाऊ लागला तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाची बाटली सापडली तर ती सोबत घ्या आणि तडक जनावरांच्या डॉक्टरकडे जा. बाटलीवरचं नाव वाचलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

हरभऱ्याच्या वावरातून तर जाऊच नका. एक तर दुसऱ्याचं पीक तुडवणं वाईट. शिवाय सकाळी हरभऱ्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट खार, असते. दहिवरात मिसळलेली ती आंब पायाला लागली की चुरचुरते, आणि पंज्याला बारीक चीर असेल तर कुत्रं हैराण होतं.

अभयारण्याच्या हद्दीत कुत्रं नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कुत्र्यांचे रोग रानातल्या जनावरांना लागतात.

दोर

विकतचा पट्टा असेल तर उत्तम. नसेल तर खाटेची सुती नवार घ्या, पाच-सहा फूट. नायलॉनच्या दोरीने हात सोलतो. गळ्याला सरकगाठ कधीही बांधू नका. कुत्र्याने ओढलं की ती आवळत जाते. गळा आणि पट्टा यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, मुठीत धरायचा. भुरी रोह्यामागे, म्हणजे नीलगायीमागे, झेपावली तर दोर सुटलेला परवडतो, खांदा निखळलेला परवडत नाही.

पट्ट्याला मी एक घुंगरू बांधलं आहे. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन येणाऱ्या बायांना खालचं दिसत नाही. घुंगराच्या आवाजाने त्यांना आधीच कळतं की कुत्रं येत आहे. बाया, बंडी किंवा शेळ्या समोरून आल्या की आपण वाटेच्या कडेला व्हायचं आणि कुत्र्याला पलीकडच्या अंगाला घ्यायचं. गाभण शेळी कुत्र्याला बुजून पळाली तर गाभडू शकते. ज्याची शेळी आहे त्याचं वर्षाचं गणित त्यात मोडतं.

कोण कुठे चालणार

आमच्याकडे सगळ्यात पुढे आत्याबाई, हातात काठी घेऊन. चाल त्यांची. त्यांच्यामागे भुरी आणि दोर धरलेलं मोठं माणूस, मग पोरं. मुलगी सहावीत आहे, सपाट रस्त्यावर ती दोर धरते, पण मी शेजारी असते. मुलगा पहिलीत आहे, त्याच्या एकट्याच्या हाती दोर देत नाही. तो दोराची शेपटी धरतो आणि त्यालाही तेवढाच मान वाटतो.

आत्याबाई पुढे असण्याचा फायदा मोठा आहे. तरण्या माणसाच्या चालीने गेलं की म्हातारं माणूस मागे पडतं आणि दुसऱ्या दिवशी "तुमीच जा" म्हणतं. कुत्र्यालाही हळू चालच आवडते, कारण त्याचं फिरणं पायांपेक्षा नाकाने जास्त होतं. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो. तसा ढीग लागला की भुरी तिथे रोवून उभी राहते. तिला ओढू नका. तेवढ्यात आत्याबाई धुऱ्यावर टेकतात, पोरं बोरीखाली जातात. लांब अंतर तुडवण्यापेक्षा अर्ध्या वाटेत मनसोक्त हुंगलेलं कुत्रं घरी येऊन जास्त शांत झोपतं, हे मी कितीतरी घरी पाहिलं आहे.

वावरातली दुसरी कुत्री समोर आली तर धावू नका, दगडही मारू नका. आपलं कुत्रं आपल्या मागे घ्या आणि आल्या वाटेने हळूहळू परता. या दिवसांत खास जपायचं ते पिल्लं असलेल्या कुत्रीला. गावातल्या बऱ्याच कुत्र्या पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात आणि हिवाळ्यात वितात. कुटाराच्या ढिगात, कडब्याच्या गंजीमागे त्यांचा संसार असतो. अशी गंजी माहीत असेल तर तिला वळसा घाला. ती माय भुंकते ते तिच्या लेकरांसाठी.

मजा कशात आहे

आता ज्यासाठी एवढं सगळं करायचं ते सांगते.

पोरांना माग वाचायला शिकवा. ओलित केलेल्या वावराच्या कडेला आणि पांदणीच्या फुफाट्यात रात्रभराची हजेरी लागलेली असते. आधी भुरीचा पंजा मऊ मातीत उमटू द्या आणि पोरांना त्याच्या पुढची नखं दाखवा. कुत्र्याच्या मागात नखं दिसतात. बिबट चालताना नखं आत घेतो, म्हणून त्याच्या मागात ती दिसत नाहीत आणि पंजा जास्त गोल असतो. रोह्याचे, डुकराचे खूर वेगवेगळे ओळखता येतात. माझा मुलगा आता शाळेच्या वाटेवरही खाली पाहत चालतो. बिनानखांचा मोठा माग ताजा दिसला तर मात्र खेळ थांबवा, सगळ्यांनी एकत्र राहून गावाकडे परता आणि वनरक्षकाला कळवा. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

दुसरा खेळ लपवालपवीचा. सोयाबीनच्या रिकाम्या वावरात, जिथे सगळं नजरेसमोर असतं तिथे, भाकरीचे तुकडे ढेकळांआड ठेवायचे आणि भुरीला शोधायला लावायचं. दोर लांब सोडायचा, पण हातातच ठेवायचा. मग मुलगी बांधाआड बसते आणि भुरी तिलाही शोधते. सापडली की दोघींचा आनंद सारखाच. या खेळाने भुरी हाक मारली की परत यायला शिकली. दर वेळी ‘भुरी, ये’ एवढंच म्हणायचं आणि आली की तुकडा द्यायचा. घरातल्या सगळ्यांनी शब्द तोच वापरायचा, नाहीतर कुत्रं गोंधळतं.

तळ्याकडे गेलात तर चक्रवाक दिसतील. लांबून येऊन हिवाळाभर इथे उतरलेली नारिंगी पाखरं. काठावर कुत्रं जवळ धरा, पाखरांना उठवू नका. आत्याबाई त्यांना पाहत कितीही वेळ बसू शकतात, आणि त्या बसल्या की माझ्याही डोक्यातली कामं थोडी मागे सरतात.

वावरात पोहोचलं की कोवळ्या उन्हात बसून खायचं. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, नाहीतर भाकर आणि वांग्याचं भरीत न्यायचं. कुत्र्याला यातलं काय द्यायचं ते मात्र पक्कं ठरवा. भरितात पातीचा कांदा आणि लसूण असतो, दोन्ही कुत्र्याला बाधतात, म्हणून भरीत बिलकुल नाही. द्राक्षं, मनुके, चॉकलेट यांनी तर जीवही जाऊ शकतो. बोरांच्या बिया पोरांनी वाटेत थुंकू नयेत, कुत्रं गिळतं. शिजवलेल्या कोंबडीची हाडं टोकदार तुटतात, तीही नकोत. भुरीसाठी मी कोरडी भाकर वेगळी बांधून नेते. पोटभर जेवण घरी आल्यावर, अर्धा तास निवल्यावर.

जिथे बसाल तिथे आधी काठी आपटा. या दिवसांत परड, म्हणजे घोणस, उन्हाला बाहेर येते आणि वाळल्या पाचोळ्यात अजिबात ओळखू येत नाही. कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार ऐकू आला की जागच्या जागी थांबा, कुत्र्याला मागे ओढा आणि आल्या पावली परता. चावलीच, तर दवाखाना आणि फक्त दवाखाना. माणसाचं असो की कुत्र्याचं, मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका.

घरी आल्यावर

कोमट पाण्याने चारही पाय धुवा, बोटांच्या बेचक्यात पाहा, कोरड्या फडक्याने पुसा. हिवाळ्यात गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. बेचक्यात घुसलेलं कुसळ आत आत सरकतं आणि तिथे पू होतो. सराटे लगेच दिसतात, कुसळ बोटाने चाचपूनच कळतं. कुत्रं एकाच बाजूला सारखी मान झटकत असेल तर कानात कुसळ गेलं असावं. काडी घालू नका, डॉक्टरांना दाखवा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटा. तिच्यावर रॉकेल ओतू नका. खरजेवर जळकं ऑइल लावायची पद्धत गावोगाव आहे, तीही बंद व्हायला हवी. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं. पंजे फुटले असतील तर थोडं खोबरेल तेल पुरतं.

शेकोटीजवळ कुत्र्याला मोकळं सोडू नका. वरून राख गार दिसते आणि खाली निखारे असतात. रात्री ऊब शोधत ते राखेत जाऊन बसतं आणि पंजे भाजून घेतं. त्यापेक्षा बारदान दुहेरी करून, आत जुनं लुगडं घालून गादी शिवा आणि ती भिंतीच्या आडोशाला, जमिनीपासून थोडी वर ठेवा. म्हाताऱ्या कुत्र्याला फिरायला नेताना जुन्या स्वेटरची बाही कापून अंगात घालता येते. त्याचे सांधे सकाळी आखडलेले असतात, त्याला ऊन चढल्यावर थोडंच फिरवा. दुखतंय म्हणून आपली डोकेदुखीची गोळी मात्र देऊ नका, ती कुत्र्याला विषासारखी लागू शकते.

रेबीजची लस दर वर्षी, न चुकता. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली. ही झाल्याशिवाय कुत्र्याला शिवारात नेऊच नका, कारण तिथे कोल्ह्याशी आणि अनोळखी कुत्र्यांशी गाठ पडते. माणसाला कुठलंही कुत्रं चावलं, नुसती नखं ओरबाडली तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. हळद, चुना, मिरची काहीही भरायचं नाही.

संक्रांतीच्या आसपास आठ-पंधरा दिवस गावालगतच्या बाभळींखालून जाऊ नका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी तो येतोच. तुटलेला दोरा गवतात पडला की कुत्र्याच्या पायात गुंततो आणि हाडापर्यंत कापतो. आम्ही त्या दिवसांत फिरताना एक पिशवी नेतो आणि दिसेल तो मांजा गोळा करतो. पोरं हे काम फार मनापासून करतात. उघड्यावर टाकू नका, घरी आणून बारीक कापून टाका.

शिवरात्र झाली की ऊन बदलतं. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचं फिरणं बंद करा आणि सकाळचं सातवर आणा. डांबरी रस्ता ओलांडायचा असेल तर आधी तळहाताची मागची बाजू त्यावर टेकवून पाहा. सात-आठ सेकंद हात ठेववला नाही तर कुत्र्याचे पंजेही तिथे भाजतील, त्या दिवशी मातीच्या पांदणीनेच जा. तोवर पऱ्हाट्या उपटायला सुरुवात झालेली असते आणि डिसेंबरात टाळलेल्या वाटा आता दोन्ही बाजूंनी मोकळ्या दिसतात.